पंचेचाळीस विरुद्ध तीन

(मिनेसोटातलं एक छोटं कॉलेज. सोमवारची सकाळ. अध्यक्षांच्या ऑफिसात त्यांची सेक्रेटरी मार्लिस हाउगेन एकटीच आहे. चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाचे कोच आर्विद त्वेत टोपी हातात धरून तिच्या टेबलापाशी उभे आहेत.)

मार्लिस : तसं नाही चालत, कोच. माझ्या ट्रेमध्ये पडलं की ते अध्यक्षांचं.

कोच : पण त्यांनी अजून उघडलंय कुठे?

मार्लिस : ते बदकं मारायला गेलेत, दुपारी येतील. शुक्रवारी तुम्हीच आणून दिलंत ना? म्हणालात, "मार्लिस, हा माझा राजीनामा. सुटलो एकदाचा."

कोच : शनिवारी आपण जिंकू, हे मला काय ठाऊक?

मार्लिस : कुणालाच नव्हतं. आमचे हे दर शनिवारी मध्यंतराला रेडिओ बंद करून झोपतात. परवा स्कोअर ऐकला आणि म्हणाले, त्या माणसानं संघांची नावं उलटी वाचली.

कोच : त्यांचं काय चुकलं? साठ–शून्य. बावन्न–तीन. सत्तर–सात. त्या सातांच्या आनंदात मी बायकोला बाहेर जेवायला नेलं होतं.

मार्लिस : ती बोलली मला. म्हणाली, दया आली म्हणून गेले.

कोच : कुठल्याही कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असला की त्या शनिवारी समोर खेळायला आम्ही. यंदा चार मेळावे झाले. जुन्या मंडळींनी यायचं, नातवंडांना आपलं कॉलेज जिंकताना दाखवायचं, खुशीत घरी जायचं. बँड, गरम सॉसेज आणि मार खायला आम्ही.

मार्लिस : परवाही मेळावाच होता ना?

कोच : मेळावाच. दोन वर्षांत एकदाही न हरलेला संघ. पंचेचाळीस–तीन! मध्यंतरालाच लोक गाड्या काढायला लागले. एका आजीबाईंनी मला अडवून विचारलं, "तुम्ही तेच ना, नेहमी येता ते?"

मार्लिस : आणि काल पास्टरनी तुमचं नाव घेतलं तर चर्चमध्ये टाळ्या पडल्या. आम्ही लुथरन लोक चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाही, कोच. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा ऐकल्या. माझ्याही हातांनी वाजवल्या.

कोच : म्हणून तर आलो. दे ना ते पाकीट.

मार्लिस : घ्या बाई. मी काही पाहिलं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं समजू.

(कोच पाकीट हातात घेऊन त्यावरचं नाव वाचतात.)

मार्लिस : आता घ्या की खिशात. बघत काय बसलात?

कोच : परवा मी जिंकलो नाही, मार्लिस.

मार्लिस : मग कोण जिंकलं?

कोच : कर्टिस. माझा असिस्टंट. तीन वर्षं कानीकपाळी ओरडतोय, पोरांना चेंडू लांब फेकू द्या म्हणून. आणि मी आपला, चेंडू घ्या आणि मधून घुसा. तीनदा घुसायचं, तीनदा आपटायचं, चौथ्यांदा लाथ मारून चेंडू त्यांच्या हवाली करायचा. माझे वडील असंच शिकवायचे. चेंडू हवेत गेला की देवाच्या हातात, जमिनीवर आहे तोवर आपल्या.

मार्लिस : जमिनीवर सत्तर खाल्लेत.

कोच : खाल्ले. तर परवा बसमध्ये वाटलं, आता सुटलोच आहे, उगाच घसा कशाला फोडू? पोरांना डाव सांगायचा हेडफोन काढला, कर्टिसला दिला आणि बाकावर सूर्यफुलाच्या बिया खात बसलो. पहिला लांब चेंडू पोरानं झेलला तेव्हा मी टाळीसुद्धा वाजवली नाही. वाटलं, पंच परत घेतील.

मार्लिस : हे गावात कुणाला माहितीय?

कोच : कर्टिस बोलायचा नाही. आणि पोरांना वाटतं, ही माझीच युक्ती. सकाळपासून सगळे पाठ थोपटताहेत. आयत्या बिळावर नागोबा झालोय मी.

मार्लिस : मग व्हा की. कर्टिस सांगेल, तुम्ही नावाला उभे राहा. किती कोच तेच करतात.

कोच : मला नाही जमणार. पुढच्या शनिवारी दोन चेंडू हातातून सुटले की मी तो हेडफोन हिसकावून घेईन. मी मला ओळखतो.

मार्लिस : घरी करमेल तुम्हाला?

कोच : नाही करमणार. भीती वाटते. काल रविवारी दुपारी गॅरेज झाडलं, मग परत झाडलं. या नोकरीशिवाय मला काही येत नाही, आणि आता कळलं की हीसुद्धा येत नव्हती.

(कोच पाकीट फोडून आतला कागद टेबलावर उलगडतात.)

कोच : पेन दे जरा. इथं "हंगाम संपल्यावर" लिहिलंय, ते खोडतो. "आजपासून". आणि खाली लिहितो, संघ कर्टिसकडे द्यावा, परवाचा सामना त्यानंच जिंकला.

मार्लिस : नीट विचार करा. बारापर्यंत वेळ आहे.

कोच : बारापर्यंत थांबलो तर पाकीट घेऊन पळून जाईन. ठेव ट्रेमध्ये.

मार्लिस : ठेवलं. शनिवारी काय करणार मग?

कोच : सामना बघेन. अकरा वर्षं नुसता हातातला डावांचा कागद बघत होतो. फार छान खेळतात गं ती पोरं. मला माहीतच नव्हतं.

मार्लिस : आमच्याजवळ बसा, सातव्या ओळीत. ब्लँकेट आणा मात्र. वर बसलं की हाताला काही काम नसतं, थंडी फार वाजते.