घरचीच म्हणून सोडलेली

...नाही पण तुम्हीच सांगा, तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर पहारा केलेला माणूस, ओळखपत्र नव्हतं म्हणून मालकाच्या मेहुण्याला उन्हात उभा केलेला, आणि त्याच्याच फुफ्फुसात गाठ? तुम्हाला सांगते, सासऱ्यांना आजारापेक्षा तो अपमानच जास्त झोंबला! डॉक्टरीणबाई समजावतायत, "काका, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहारा देतात. अंगावरच्या खुणा बघून परक्याला धरतात. पण ही गाठ लबाड, हात वर करून म्हणते, घरचीच आहे हो मी! की पहारेकरी गप्प. आपलं इंजेक्शन तो हातच झाकतं." सासरे ताडकन, "म्हणजे नुसत्या तोंडओळखीवर सोडलं? निलंबित करा सगळ्यांना!" मी हसू गिळलं. मी नवी सून, मी काय बोलणार?

दुसऱ्या इंजेक्शननंतर संडासच्या फेऱ्या सुरू... दिवसाला आठ! सासूबाईंचा संशय माझ्या स्वयंपाकावर. आणि सासरे मला बाजूला घेऊन, "सूनबाई, अवाक्षर काढू नकोस. पहारेकरी जागे झालेत, आत धरपकड चाललीय. ड्यूटीवरच्या माणसाला मध्येच टोकायचं नसतं!" अहो, पण दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं, जागे झालेले पहारेकरी कधीकधी घरच्यांनाही बडवतात, जुलाब लागले की त्याच दिवशी कळवा! तो कागद सासऱ्यांनी घडी घालून खिशात ठेवलेला. मी नवी सून, मी काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठता येईना. ओठ कोरडे, तरी "ठणठणीत आहे मी!" मग मात्र मी त्यांच्यासमोरच फोन लावला.

"आणखी दोन दिवस गेले असते तर आतडं फाटलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लगेच दाखल करून घेतलं, इंजेक्शन थांबलं. गाठ जराशी आक्रसलीय, पण पुन्हा देता येईल की नाही... बघू, म्हणाल्या. सासरे माझ्याशी बोलेनात. फाटकावरची गोष्ट मी परस्पर साहेबांना, म्हणजे डॉक्टरीणबाईंना, सांगितली ना!

पाचव्या दिवशी वॉर्डच्या दारात पहारेकऱ्यानं मला अडवलं. "फक्त घरची माणसं. तुम्ही कोण?" लग्नाला आठ महिने, आणि मी आपला पिशवीतला डबाच पुढे केला. तेवढ्यात आतून, हाताला सलाईन लावलेलं, आवाज केवढासा, "अहो, सोडा तिला. घरचीच आहे ती!"

डोळे भरून आले हो माझे. पहारेकरी बाजूला झाला, मी पाऊल उचललं...

"थांबा! मी म्हणालो घरची, की सोडलीत? ओळखपत्र बघा आधी!"

काढलं. त्यावर अजून माहेरचंच आडनाव. राहिले उभी बाहेर. मी नवी सून, मी काय बोलणार?