गव्याचं नाव उज्वला

(उलवे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, रविवारची दुपार कलत आलेली. जेवणाच्या टेबलावर तांब्याला टेकवून उभा केलेला एक जुना फोन. त्याच्यासमोर आई आणि मुलगी.)

आई: हात काढ की मधनं. मला दिसंना.

प्रियदर्शिनी: दिसण्यासारखं काही नाही त्यात. तू चहा टाक ना, पाचला रूपेशचा फोन येईल.

आई: चहा टाकलाय. हात काढ.

प्रियदर्शिनी: नुसता गेम आहे गं. अण्णांचा टाइमपास.

आई: ह्यांच्या टाइमपासाखाली माझं नाव कशाला मग? उज्वला. वाचता येतं मला.

प्रियदर्शिनी: जगात काय एकच उज्वला आहे?

आई: न्हाई. पण ह्या फोनात दुसरी सापडली तर ते जास्ती वंगाळ. आणि ही वर कोण उभी आहे? म्हस?

प्रियदर्शिनी: म्हैस नाही.

आई: मग?

प्रियदर्शिनी: गवा. दगडाचा. पाषाणगवा म्हणतात. मादी आहे.

आई: गवा.

प्रियदर्शिनी: आई, ह्या अख्ख्या दैत्यदंगल गेममध्ये ह्याच्याइतकं जोरात कुणी मारत नाही. एका धडकेत समोरचा आडवा.

आई: गवा बघितलाय मी. पाटणला आमच्या उसात शिरायचा. आणि ही खालची रेघ कसली? बाकीच्या केवढाल्या, ही एवढीशीच.

प्रियदर्शिनी: तो वेग.

आई: हं.

प्रियदर्शिनी: सगळ्यात हळू प्राणी. म्हणून कुणी घेत नाही त्याला. हा पाय उचलतो तोवर समोरचा मारून मोकळा. पण अण्णा म्हणायचे, पोचला की विषय संपला.

आई: पोचला का पोचली?

प्रियदर्शिनी: पोचली.

आई: बत्तीस वर्षं संसार केला. कुठं लग्नाला निघायचं तर हे खाली स्कूटरवर बसून तीन-तीनदा हॉर्न मारायचे. वॉचमनला सांगायचे, आमचा ट्रक अजून भरतोय. मला वाटायचं, परत येईस्तोवर विसरत असतील. विसरत कुठले, हितं लिहून ठेवत होते.

प्रियदर्शिनी: रागावलीस?

आई: बघू. तू आधी सांग, आज काय आहे एवढं? सकाळपासून तीनदा ह्याला चार्जिंगला लावलंस.

प्रियदर्शिनी: अण्णांनी त्यांच्या हमालांच्या टोळीतल्या रूपेशशी पैज घेतली होती. तीन फेऱ्या. दोन जिंकेल तो समोरच्याचा एक प्राणी कायमचा घेऊन जाणार. पहिली रूपेशने मारली. दुसरी अण्णांनी वॉर्डात पडल्यापडल्या जिंकली. सिस्टर चिडली होती बघ, सलाइनच्या हातात फोन धरला म्हणून.

आई: आणि तिसरी?

प्रियदर्शिनी: तिसरी राहिली. दीड महिना रूपेश मुदत वाढवून घेतोय. आज सहाला संपते, आता वाढत नाही.

आई: न्हाई खेळलं तर?

प्रियदर्शिनी: तर आपण हरलो. अण्णांनी लावलेला प्राणी इथून जाणार, दिघ्याला, रूपेशच्या फोनमध्ये.

आई: कुठला लावला होता?

प्रियदर्शिनी: चहा उतू जाईल.

आई: पियू.

प्रियदर्शिनी: हाच.

आई: म्हणजे बायकोला डावावर लावली.

प्रियदर्शिनी: जिंकायची खात्री होती त्यांना.

आई: लावणाऱ्या सगळ्यांनाच असते.

प्रियदर्शिनी: आई, कपडे दिले, स्कूटर दिली, मी काही बोलले नाही. हे एवढं जायला नकोय मला.

आई: बरं. मग जाऊ द्यायचं न्हाई. तुला येतंय का खेळायला?

प्रियदर्शिनी: चार दिवस व्हिडिओ बघतेय. अण्णांची एक चूकपण सुधारलीय. गव्याच्या गळ्यात लोढणं घालून ठेवलं होतं त्यांनी.

आई: लोढणं? पळत्या गुराच्या गळ्यात ओंडका बांधतात ते?

प्रियदर्शिनी: तेच. मुळात हळू, त्यात लोढण्याने वेग अजून निम्मा. चुकून बोट लागलं असणार. मी काढलं आणि चपळाईचे नाल ठोकले.

आई: माझं नाव, गव्याचं अंग आणि गळ्यात लोढणं. काही म्हणून बाकी ठेवलं न्हाई ह्या माणसानं.

प्रियदर्शिनी: म्हणून तर काढलं.

आई: थांब जरा. दिसायला कसं होतं ते?

प्रियदर्शिनी: लाकडाचा दांडका, दोरीने बांधलेला. का?

आई: माझा बत्ता.

प्रियदर्शिनी: काय?

आई: दवाखान्यात जायच्या आधी हे ओट्यापाशी यायचे. मी पोळ्या लाटत असले की समोर मांडामांड. एक बटाटा, एक लसणाची पाकळी. पलीकडं मिरची आणि आल्याचा तुकडा. हिकडं बघ, हा लसूण काय करतो बघ. मी बघायचे न्हाई. बघितलं असतं तर आणखी तासभर सांगत बसले असते.

प्रियदर्शिनी: आणि बत्ता?

आई: बटाट्याला रबरबँडनं बांधला होता. मी म्हणलं, आणा हिकडं, मला वाटण करायचंय. तर म्हणले, हा काढलास तर बटाटा मरतो. मला वाटलं ताप चढला.

प्रियदर्शिनी: लसूण म्हणजे पिंगळा. आपला दुसरा प्राणी, एवढंसं घुबड. तो उलटी रांग लावतो. मग तीन पाळ्या क्रम उलटा. जो सगळ्यात हळू, तो आधी मारणार.

आई: ट्रक खाली करतात तसं. आधी चढलेलं पोतं आत अडकतं. शेवटी चढलेलं दारात असतं, ते आधी उतरतं. हे जड माल मुद्दाम शेवटी चढवायला लावायचे. हात ताजे असताना उतरावा म्हणून.

प्रियदर्शिनी: आणि रूपेशची चिखलमगर आपल्या गव्याइतकीच हळू आहे. बरोबर तेवढीच. मग उलट्या रांगेत दोघांत आधी कोण?

आई: ज्याच्या गळ्यात लोढणं.

प्रियदर्शिनी: चूक नव्हती ती. मी बत्ता काढला, आई.

आई: मग बांध परत. पाचाला पाच कमी आहेत.

प्रियदर्शिनी: बांधतेय. हा घे, माझ्या फोनवर त्याचा कॉल. स्पीकरवर टाक.

आई: बोल रूपेश.

रूपेश: काकू, नमस्कार. बरं हाय ना सगळं? काय लागलं तर सांगा, मी दिघ्यावरनं लगेच येतो.

आई: काही लागत न्हाई. गवा न्यायला आलास ना?

रूपेश: काय काकू. अण्णा आमचे मुकादम होते, आठ वर्षं त्यांच्या टोळीत पोती उचलली मी. पैज काय, मस्करी होती.

आई: माझ्या नावाची मस्करी.

रूपेश: पियूताई, काकूंना सांगितलं तुमी?

प्रियदर्शिनी: मी नाही. आईने स्वतःच वाचलं. चल, सुरू कर.

रूपेश: केलं. माझा वीजमुंगूस आणि मगर.

प्रियदर्शिनी: आमचा पिंगळा आणि... गवा.

आई: नाव घे की.

प्रियदर्शिनी: आमची उज्वला. पहिली पाळी. मुंगूस सगळ्यात चपळ, तो आधी मारणार. बघ, पिंगळ्याला चावला. पिंगळा वाचला, थोडक्यात. त्याने उलटी रांग लावली. मगरीने नुसती ढाल घेतली, ती एकदाच मिळते.

आई: आणि मी काय करतेय?

प्रियदर्शिनी: मैदानात उतरल्यावर हिला एक पाळी लागतेच. खाली लिहून आलंय बघ.

आई: उज्वला अजून तयार होत आहे.

रूपेश: ह्या एका ओळीसाठी अण्णांनी गेम मराठीत करून घेतला, काकू. ओळ आली की मोठ्यानं वाचून दाखवायचे.

आई: कुणाला?

रूपेश: असंच. आमाला.

आई: आमाला म्हणजे?

रूपेश: बटाट्याच्या सगळ्या गाळ्यांना.

आई: तरीच. मार्केटात गेले की एकेक जण विचारायचा, काकू, झाली का तयारी? मला वाटायचं दिवाळीचं विचारतायत.

प्रियदर्शिनी: दुसरी पाळी. रांग उलटी. धडक, मुंगसावर. आई, बघ.

आई: कुठं गेला तो?

प्रियदर्शिनी: संपला. एका धडकेत.

आई: अगं बाई. एवढ्या जोरात मारते मी?

रूपेश: अण्णा तेच सांगायचे.

प्रियदर्शिनी: आता मगरीची पाळी. मगर... मगर झोपली.

आई: झोपली कशी? ते घुबड अर्धमेलं होऊन समोर बसलंय. लहान पोर पण त्याला आधी मारेल.

रूपेश: नेटवर्क जातंय काकू हिकडं.

आई: नेटवर्कनं मगर झोपत न्हाई. खरं बोल.

रूपेश: काय बोलू? अण्णांचा गवा मी कुठल्या तोंडानं नेऊ? मुदत वाढवत बसलो, वाटलं ताई विसरतील, गेम पण विसरेल. आता हरतो ना मी. टेन्शन नका घेऊ, तुमच्याकडंच राहू दे.

प्रियदर्शिनी: रूपेश, असं नको.

आई: तू थांब. रूपेश, हे असते तर तुला असं झोपू दिलं असतं?

रूपेश: नाय. शिव्या घातल्या असत्या.

आई: काय म्हणाले असते?

रूपेश: रूप्या, तू पोतं उचलतोयस का पोतं तुला उचलतंय.

आई: मग मी म्हणते. रूप्या, तू पोतं उचलतोयस का पोतं तुला?

रूपेश: सेम बोललात, काकू.

आई: भीक म्हणून मिळालेला गवा ह्या घरात राहणार न्हाई. नीट खेळ, न्हाईतर तो आत्ताच पाठवून देते.

प्रियदर्शिनी: आई, काय बोलतेस?

आई: बोलले ते बोलले.

रूपेश: बरं. मग आता सोडणार नाय हां. ताई, तुमी पण जपून.

प्रियदर्शिनी: तिसरी पाळी. आपली धडक आधी, लोढण्यामुळे. मगर निम्म्याच्या खाली गेली. आता ती... आई, शेपटी फिरवली तिने. दोघांवर एकदम. पिंगळा गेला.

आई: आणि मी?

प्रियदर्शिनी: आहेस. इवलीशी लाल रेघ राहिलीय.

रूपेश: अजून एकदा लागलं की गेलात, काकू. सॉरी.

आई: सॉरी कशाला? आता कसा माणसासारखा खेळलास.

प्रियदर्शिनी: मी ढाल घेते. ह्या पाळीपुरतं काही लागणार नाही, तेवढा दम खाता येईल.

आई: उलटी रांग अजून किती?

प्रियदर्शिनी: हीच शेवटची पाळी.

आई: म्हणजे पुढच्या पाळीला रांग सरळ. मग हेच लोढणं गळ्यात येतं. मगर आधी मारणार, आणि ढाल तर वापरून झालेली.

प्रियदर्शिनी: आणि धडक दिली आणि मगर मेली नाही तर? निम्म्याला थोडं कमी आहे. धडकेत जातं जेमतेम तेवढंच, आई. गेली तर कायमची जाईल.

आई: हे काय म्हणायचे, पोचली की?

प्रियदर्शिनी: विषय संपला.

आई: मग पोचू दे तिला.

प्रियदर्शिनी: माझा हात होत नाही. तू दाब.

आई: कुठं?

प्रियदर्शिनी: इथे, शिंगांचं चित्र आहे त्यावर. एकदाच.

आई: दाबलं. काय झालं? पियू, डोळे उघड, मला त्यातलं कळत न्हाई.

रूपेश: गेली.

प्रियदर्शिनी: कोण गेली?

रूपेश: मगर गेली, ताई. आणि मी ह्यावेळी खरंच मारत होतो, आईशप्पथ. तुमची शिंगं आधी पोचली.

आई: बत्त्यामुळं.

रूपेश: कसला बत्ता?

आई: आमच्या घरातलं आहे ते. तुझी मगर आता आमची ना?

रूपेश: तुमचीच. आली असेल बघा तिकडं. नावासकट येते ती.

प्रियदर्शिनी: आली. शकुबाई?

आई: शकुबाई कोण?

रूपेश: सासू. अण्णांनी बायकोचं ठेवलं, मग मला पण चेव आला.

आई: परत पाठव, पियू. मी आणि त्याची सासू एका फोनात नांदणार न्हाई.

प्रियदर्शिनी: पाठवली. रूपेश, सांभाळ हं तिला.

रूपेश: घरातली सांभाळतोय तीच खूप झाली. ठेवतो, काकू. बटाट्याच्या गाळ्यांना सांगू काय?

आई: सांग. आणि ती ओळ मोठ्यानं वाचणाऱ्या सगळ्यांना माझं नाव सांग, बघते म्हणावं एकेकाला.

प्रियदर्शिनी: ठेवला त्याने. आई, आता पैज संपली. नाव बदलायचं असेल तर बदलता येतं.

आई: कशाला? बत्तीस वर्षांत आज पहिल्यांदा कुठंतरी आधी पोचले. एरवी सगळीकडं हेच पुढं.

प्रियदर्शिनी: हो.

आई: ह्या खेपेला पण थांबले न्हाईत.

प्रियदर्शिनी: चहाचं आधण आटलं असेल. मी बघते.

आई: बस जरा. ती ओळ परत येईल का?

प्रियदर्शिनी: लढत सुरू केली की येते. सरावाची करता येते, समोर कुणी लागत नाही.

आई: कर मग.

प्रियदर्शिनी: ही बघ. आली.

आई: असू दे तशीच. खाली स्कूटरवर बसून हॉर्न मारत असतील, त्यांना म्हणावं वाचा. उज्वला अजून तयार होत आहे.