अर्ध्या इंचाचा मेमो

लक्ष्मीवहिनी, साहेब, द्रोणागिरीच्या गोडाऊनवरून आलेली मंडळी, नमस्कार. या शोकसभेत नामदेवदादांबद्दल आतापर्यंत पाच जण बोलले. कष्टाळू, मनमिळाऊ, कधी कुणाला दुखावलं नाही. सगळं खरं. पण मंडळी, आपण त्यांना दुखावलं, ते कोण बोलणार?

मी बोलतो. ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, तेव्हा सुरुवात माझ्यापासूनच.

दादा बावीस वर्षं आपल्या पनवेलच्या ऑफिसात टायपिंग करत होते. मग सगळ्यांना मिळून एकच मोठा नेटवर्क प्रिंटर आला आणि त्याच्यासोबत कटकट आली. लांब, लीगल मापाच्या कागदावर काही छापलं की प्रत्येक पानाची शेवटची ओळ गायब. मी काय काय नाही केलं? ड्रायव्हर पुन्हा टाकला. मार्जिन वाढवलं, तर तक्ते मोडून पुढच्या पानावर गेले. 'फिट टू पेज' केलं, तर अक्षरं मुंगीएवढी झाली.

दादांनी फूटपट्टी काढली. कागद मोजला. म्हणाले, "तुमी लीगल लीगल करताय, पण कागद लीगल नाय. दुकानवाला देतो तो अर्धा इंच आखूड हाय. मशीनला लांब सांगताय, मग शेवटची ओळ छापणार कुठं?"

आपण दुकानात लीगल मागतो. दुकानदार फुलस्केप देतो. दोघंही त्याला लीगलच म्हणतो. मोजलं फक्त दादांनी.

साहेब, तुम्ही म्हणालात, "नामदेव, तू मासे मोज. कागदाचं आम्ही बघतो." दादा कोळीवाड्यातले, म्हणून मासे. सगळे हसले. मीही हसलो. आठवतंय ना?

दादांनी मुकाट्याने आपल्या कॉम्प्युटरवर बरोबर माप टाकलं. त्यांची पानं नीट यायला लागली. पुढे, आठ महिन्यांपूर्वी, एका सोमवारी मी सगळ्या कॉम्प्युटरना एकच सेटिंग केली. लीगल. दादांचं माप पुसलं गेलं. त्यांना सांगितलं का? नाही. त्याच दुपारी त्यांनी टेंडर छापलं. ते न्यायला खाली गाडी चालू ठेवलेली, वर घाई चाललेली, पानं न तपासता तशीच पाकिटात गेली. 'वरील माहिती खरी आहे' ही शेवटची ओळ छापलीच नव्हती. टेंडर बाद.

मेमो दादांना. कारण, निष्काळजीपणा. बदली गोडाऊनच्या गेटवर, गाड्यांचे नंबर लिहायला. चूक कुणाची, ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण नोकरी प्यारी होती. गप्प बसलो.

एकदा गेटवर गेलो, तर दादांनी मला चहा पाजला. म्हणाले, "पोरीला वाटतंय बापानं काम बिघडवलं. तुमाला तरी म्हाईत हाय ना, मी मोजलं व्हतं?" मी म्हणालो, "बघतो." चहा संपवला आणि निघालो. लाज वाटते मंडळी, फार लाज वाटते.

गेल्या रविवारी दादांचं हृदय बंद पडलं. मेमो त्यांच्या फायलीत अजून आहे.

साहेब, तो मेमो माझ्या नावाने काढा. दादांचा मागे घ्या, आणि तसं पत्र उद्या वहिनींच्या आणि त्यांच्या मुलीच्या हातात द्या. हे मी सगळ्यांसमोर मागतोय.

नामदेवदादा, चूक माझी होती. तुम्ही असताना बोललो नाही.

मंडळी, आता उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहायचंय. आठ महिने राहिलो, एवढं जमेल आपल्याला.