काळ्या कोंबडीचं पांढरं पिल्लू

जनावरांच्या दवाखान्यात मांजर मांडीवर घेऊन बसलेल्या मास्तरांनी हळूच कान टवकारले. शेजारी सासू-सून बसल्या होत्या, मधे पिल्लांची टोपली.

“आई, कोंबडा काळा, कोंबडी काळी, मग हे एकच पांढरं कसं?”

“पांढरा रंग दोघांच्याही रक्तात लपलेला असतो गं. दोघांकडूनही आला, तरच पिल्लू पांढरं.”

“आणि नुसत्या कोंबडीकडून आला तर?”

“तर काळंच होणार! उगाच त्या बिचारीला कशाला बोल लावायचा?”

“मग आमचे दोघांचे डोळे काळे आणि छकुलीचे घारे, ते कसे? तुम्ही तर त्यासाठी गावभर माझ्या माहेराला बोल लावता.”

सासूने टोपलीवर फडकं ओढलं.

“कोंबड्यांचं वेगळं असतं.”