पिवळ्या पाटीच्या गाडीत मावलेल्या देव्हाऱ्याबाबत

नाव: कुरामोतो योशिनोबु. वय: ५८ वर्षे. धंदा: बांधकामाच्या मालाची विक्री, शिवाय आळीच्या मंडळाचा अध्यक्ष. राहणार: मिझुहारा गाव, तोत्तोरी प्रांत.

मी स्वतः ठाण्यावर येऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी सेत्सुको व आई तोमिए, वय ८६, असे राहतो. मी थोरला मुलगा आहे. वडील वारल्यापासून पूर्वजांचा छातीइतका उंच देव्हारा माझ्याकडे आहे. ज्याच्याकडे देव्हारा तो घराचा कर्ता, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळते. माझी तक्रार धाकटी बहीण मिसाओ हिच्याविरुद्ध आहे. ती सकाईमिनातो बंदरात खेकडे निवडण्याच्या शेडमध्ये कामाला असते व तिच्या गाडीलाही खेकड्यांचा वास येतो.

आईसाठी मी वृद्धनिवासात जागा धरली होती. सोमवारी नेऊन सोडायचे होते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जेवत असताना मिसाओने विषय काढला.

"दादा, आईला मी नेते. आणि ती बाबांना सोडून यायची नाही, तेव्हा देव्हाराही नेते."

मी म्हणालो, "ने की! तुझ्या त्या खोक्यात मावेल ते सगळं ने."

सगळे हसले. मीही हसलो. पिवळ्या पाटीची गाडी; आमच्याकडे नंबराची पाटी पिवळी असते ती सगळ्यात लहान गाड्यांनाच. आमच्या अंगणात उभी राहिली तर कोणीतरी चपलांचे कपाट बाहेर ठेवलेय असे वाटते. विचारले असता सांगतो की, त्या गाडीत मी कधी बसलेलो नाही. माझ्या योग्यतेचा माणूस तसल्या गाडीत बसत नाही.

देव्हाऱ्याची मला धास्ती नव्हती. तो हलवायचा तर आधी भिक्षूने पाठ म्हणून पूर्वजांना त्यातून उठवावे लागते. त्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही. मिसाओ कितीही उद्धट असली तरी तीही लावणार नाही.

रविवारी सकाळी भिक्षू शुन्काई घरी आले. मला वाटले, नेहमीचा महिन्याचा पाठ. मी जपमाळ घेऊन त्यांच्या मागे बसलो. त्यांनी वळून विचारले, "घरच्या सगळ्यांची संमती आहे ना?" मला गोल्फला जायचे होते. मी म्हणालो, "आहे, आहे. आटपा लवकर." तीन वेळा कपाळ टेकवून नमस्कारही केला. तो निरोपाचा पाठ होता, हे मला मिसाओ हातमोजे घालून आत आली तेव्हा कळले. भिक्षू तोवर चहा पिऊन गेले होते. चहा माझ्याच घरचा.

तरी मी अडवले नाही. मावणारच नाही, अशी माझी खात्री होती. मी पडवीत उभा राहून म्हणालो, "मिसाओ, आईला काय टपावर बांधणार?"

"दादा, तू फक्त बघ."

तिने दार बाजूला सरकवले व एक पट्टा ओढला. मागचे अर्धे आसन मुकाट्याने तळात जाऊन बसले. देव्हारा आडवा करावा लागेल, असे मी धरून चाललो होतो. तो उभाच आत गेला. शेजारचे निशिओ कुंपणावरून म्हणाले, "वर अजून हंडा राहील हो!" त्यांना कोणी विचारले नव्हते. देव्हाऱ्यामागे चाकांची खुर्ची घडी करून गेली. मग आईची गादी, कपड्यांची पेटी, खारवलेल्या आलुबुखारांची बरणी. हे सामान माझी पत्नी आतून आणून देत होती.

मी तिला म्हणालो, "तू कोणाच्या बाजूची आहेस?"

ती म्हणाली, "मागे एक आसन शिल्लक आहे. त्यात मीही मावेन. बोलू का पुढे?"

मी पुढे बोलायला सांगितले नाही.

गाडीचा तळ बुटका आहे. आईने स्वतः पाय आत टाकला. विचारले असता सांगतो की, माझ्या गाडीत आई दोन वर्षांत बसलेली नाही. खुर्ची डिकीत जात नाही. तिथे गोल्फच्या पिशव्या असतात. माझी गाडी पाच मीटरहून लांब आहे.

मी मिसाओच्या गाडीसमोर जाऊन उभा राहिलो व म्हणालो, "देव्हारा उतरव."

मिसाओ म्हणाली, "मावला की रे दादा."

आईने काच खाली केली. ती म्हणाली, "योशिनोबु, बाजूला हो. पाय चिरडेल तुझा."

मी बाजूला झालो.

पितरांच्या सणाला सगळे नातेवाईक येतील व रिकाम्या कोनाड्यासमोर मला विचारतील. तरी देव्हारा सन्मानाने परत मिळावा. 'मावेल ते ने' हे मी चारचौघांत बोललो, हे खरे आहे; पण ते गाडी बाहेरून पाहून बोललो होतो, याची नोंद घ्यावी.

वरील जबाब हवालदार फुकुहारा यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी "तसेच आईलाही घरी परत आणावे" असे वाक्य त्यांनी आपल्या मनाने घातले होते. मी तसे म्हटले नव्हते. ते माझ्यासमोर खोडले असून खाडाखोडीवर मी सहीच्या जागी माझा शिक्का उमटवला आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.