परत परत येणारी ओळ

धंतोलीतल्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसलेल्या प्रयागबाईंचा सगळं लक्ष शेजारच्या बाकाकडे लागलं होतं. डोक्याच्या ऑपरेशनपासून मराठीच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, आणि त्यांची नात उन्नती त्यांना पुस्तकातली कविता विचारत होती.

"आबा, हिच्यात यमकच नाही. असंच लिहू का उद्या पेपरात?"

मास्तर भिंतीकडे पाहत राहिले.

"वृत्त भुजंगप्रयात टाकून देते मंग."

मास्तरांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली.

"अन् एकच ओळ परत परत येऊन राहिली, कारण कवीले दुसरी सुचलीच नाही. बरोबर ना?"

"चूक!"

अख्खा बाक दचकला.

"काय म्हटलं, आबा?"

"चूक म्हटलं! अभंग हाय तो. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक हाय, दिसत नाही तुले?"

"अन् ती ओळ?"

"धृपद हाय ते. माय लेकराले घडीघडी हाक मारते, ते काय दुसरा शब्द सुचत नाही म्हणून?"

उन्नतीनं पुस्तक मिटलं.

"आबा."

"काय वं?"

"आबा."

"अवं, बोल ना!"

"आबा!"