धानोऱ्याले पाठवाचा फोटो

(गडचिरोली. दिवाळी नुकतीच आटोपली आहे. भर दुपारी अंगणात खुर्ची टाकून गुणवंतराव बसले आहेत. समोर मोबाइल धरून त्यांची सून, स्वाती.)

स्वाती : मामाजी, डोळेच दिसून नाई राह्यले तुमचे.

गुणवंतराव : उघडेच तं आहेत बाई. आणखीन किती फाडू?

स्वाती : फाडू नका. ऊन डोक्यावर आहे, म्हून भुवयांची सावली खाली पडून राह्यली. हे पाहा, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे.

गुणवंतराव : अरे बाप्पा! हा तं हार घालाचा फोटो वाटते.

स्वाती : असं नका बोलू जी सणासुदीचं. चला, घरात चला.

गुणवंतराव : ट्यूब लावतो मंग.

स्वाती : ती बी वरूनच पडते न. पुन्हा तेच खड्डे, अन् नाकाची सावली मिशीवर.

गुणवंतराव : मंग मोबाइलची बत्ती मार तोंडावर. एका झटक्यात काम.

स्वाती : मारली. घ्या.

गुणवंतराव : डोस्कं कसं चमकून राह्यलं! रात्री समोरून ट्रक यावा तसं.

स्वाती : म्हून म्हणते, माझं ऐका. खुर्ची दाराजवळ आणा. उंबरठ्याच्या आत, सावलीतच. पण तोंड बाहेरच्या उजेडाकडं. हा उजेड मऊ असते.

गुणवंतराव : मऊ? उजेड काय आलुबोंडा आहे मऊ असाले?

स्वाती : बसा तं खरं. असे सरळ नाई, पासपोर्टसारखे. खांदे तिरपे. मान थोडी माझ्याकडं. हां, पाहा आता, डोळे आले.

गुणवंतराव : डोळे आले, पण डावा गाल काळाच पडला न. अर्धाच माणूस पाठवू का?

स्वाती : कोणाले पाठवाचा आहे?

गुणवंतराव : सांगितलं न तुले. ड्रायव्हर लोकांच्या ग्रूपवर. एसटीतून रिटायर झालेले सगळे आहेत त्याच्यात.

स्वाती : ड्रायव्हर लोकांसाठी मिशी काळी केली तुम्ही?

गुणवंतराव : ती पहिलेपासून काळी आहे.

स्वाती : उशीले लागली जी. सकाळी खोळ मीच धुतली.

गुणवंतराव : तू फोटो काढ बाई. ते मागचं धूसर होते न, लोकांचे असतात तसे, ते कर.

स्वाती : केलं. पण त्याच्यात तुमचा एक कान बी धूसर झाला.

गुणवंतराव : कान पाहिजे! एका कानाचा फोटो पाहून काय म्हणेल ती?

स्वाती : ती?

गुणवंतराव : ते. ग्रूपवाले.

स्वाती : मामाजी, काचेवर बोटाचं तेल लागलं आहे, ते पुसून राह्यली मी. तेवढ्यात सांगून टाका.

गुणवंतराव : सांगाचं काय त्याच्यात… धानोऱ्याच्या स्टँडवर चहाची दुकान आहे. भागीरथाबाईची. नवरा लय आधी गेला तिचा. गाडी घेऊन गेलो का तिथीच चहा प्याचो. चहा चांगला करते.

स्वाती : चहासाठी मिशी रंगवली?

गुणवंतराव : हसू नको न. रिटायर झाल्यावर फोनवर बोलतो आम्ही. सकाळी मी फुलं पाठवतो तिले. मोबाइलमधले. तिची पोरगी राजुऱ्याले दिली आहे, दिवाळीसाठी आली. ती म्हणे, माय, माणूस दाखव आधी, मंग बोल. आज संध्याकाळच्या गाडीनं वापस चाल्ली ती.

स्वाती : अन् हे तुम्ही आत्ता सांगून राह्यले! उठा, सदरा बदला पहिले. तो निळा घाला.

गुणवंतराव : हा पांढरा कडक इस्त्रीचा आहे.

स्वाती : पांढरा घातला का मोबाइल सदऱ्यालेच पाहते अन् तोंड काळं काढते. पोरगी काय सदऱ्याले पसंत करेल?

गुणवंतराव : घालतो. पण स्वाती… तुले राग नाई आला?

स्वाती : मले तं भेव वाटून राह्यलं होतं जी. सकाळी सकाळी छपरीत एकटेच हसत बसता. म्हटलं, मामाजींले झालं काय! आता जीवात जीव आला.

गुणवंतराव : सुनिलले नको सांगू सध्या. मी सांगतो, टाइम पाहून.

स्वाती : मागं पाहा.

सुनिल : काय नाई सांगाचं सुनिलले?

स्वाती : आले का जी मळणीवरून? हातपाय धुवा, जेवाले वाढते.

सुनिल : अंगभर भुसा आहे, पण कानात नाई गेला. ऐकलं मी. कोण भागीरथाबाई?

गुणवंतराव : बस रे. बसून बोल.

सुनिल : बसत नाई. स्वातीले सांगितलं. मले नाई.

गुणवंतराव : तिनं मिशी पकडली माझी.

सुनिल : मजाक नका करू बाबा. आईचा फोटो आहे समोर भिंतीवर.

गुणवंतराव : आहे न. रोज मीच पुसतो तो. तुझ्या आईची जागा कोणी मागून नाई राह्यलं, सुनिल.

सुनिल : मंग मले काऊन नाई सांगितलं?

गुणवंतराव : कितीदा तं बसलो तुझ्याजवळ. तू म्हणे, बाबा, यंदा तुडतुड्यानं धान खाल्लं. मी बी मंग तुडतुड्याचंच बोललो. कसं सांगाचं पोराले? कोणी शिकवलं आहे का?

सुनिल : ती इथी येईल राहाले?

गुणवंतराव : दुकान आहे न तिची.

सुनिल : म्हणजे तुम्ही जाल.

गुणवंतराव : धानोरा काय दिल्ली आहे? गाडी जाते तिथी.

सुनिल : गाडी तं जाते. पण संध्याकाळी मी वावरातून आलो तं छपरीत कोण बसलेलं राहील?

गुणवंतराव : …तू नाई म्हणत असशील तं नाई पाठवत फोटो.

सुनिल : मी नाई म्हटलं का?

गुणवंतराव : हो बी नाई म्हटलं.

स्वाती : बाकीचं मंग बोला जी दोघंही. ऊन सरकलं, थोड्या वेळानं दारातला उजेड जाईल. मामाजींचा डावा गाल अजून काळाच आहे. मले चादर धराले माणूस पाहिजे.

सुनिल : चादर कशाले?

स्वाती : पांढरी चादर बाजूले धरली का दारातला उजेड तिच्यावर पडते अन् वापस गालावर येते. सावली पातळ होते. खाटेवरची आणा, धुतलेली आहे.

सुनिल : …कोणत्या बाजूनं धरू?

स्वाती : डाव्या. आणखीन जवळ. थोडी तिरपी करा. हां! पाहा, गाल निघाला. आता फोटोत येऊ नका फक्त.

गुणवंतराव : हात दुखतील रे तुझे. सकाळपासून मशीनवर होता.

सुनिल : इकडं नका पाहू. मोबाइलकडं पाहा.

स्वाती : थांबा, तोंड जास्तच पांढरं दिसून राह्यलं. बोट लावून उजेड थोडा खाली करते. झालं. हसा मामाजी.

गुणवंतराव : हसूनच तं राह्यलो.

सुनिल : याले हसणं म्हणते? उतारावर ब्रेक नाई लागला असं तोंड करून राह्यले तुम्ही.

गुणवंतराव : हा! उतारावर ब्रेक नाई लागला न रे, तं असं तोंड नाई होत. लोक ओरडतात अन् ड्रायव्हर गाणं म्हणते. मी म्हटलं आहे, मालेवाड्याच्या रस्त्यावर…

स्वाती : आला! आला जी! हाच पाहिजे होता. डोळ्यांत पाहा, दार कसं चमकून राह्यलं.

गुणवंतराव : दे इकडं. हा मी आहे? सुरकुत्या तं मोजून घ्या.

स्वाती : काढू का? एक बटण दाबलं का गाल मैद्यासारखे होतात.

गुणवंतराव : नको, नको. मंग स्टँडवर उतरलो तं म्हणेल, हा कोण म्हातारा आला?

स्वाती : कोपऱ्यात यांचे बोटं आले चादरीवर. भुशाचे. तेवढे कापून टाकते.

गुणवंतराव : राहू दे. चांगले आहेत. पाठव तसाच.

स्वाती : पाठवला. …मामाजी, पाहिला तिनं! लिहून राह्यली.

गुणवंतराव : वाच, वाच. चष्मा कुठी ठेवला मी…

स्वाती : थांबा, आलं. "पोरीले पसंत आहे. माणूस हसरा आहे म्हणे. पण बाजूले चादर धरून कोण उभं आहे?"

गुणवंतराव : काय लिहू रे, सुनिल?

सुनिल : लिहा, पोरगा आहे. रविवारी चहा प्याले येतो म्हणा.